बावीस सेकंदं कुणाची?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी दुपारी जेवून जरा लवंडलो होतो, तेवढ्यात भाचा आला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "मामा, हे जरा वाचता का? इंग्रजी आहे, पण तुम्हाला कळेल."

बत्तीस वर्षं बँकेत कर्जखात्यात काढल्यामुळे घरातला कुठलाही न कळणारा कागद शेवटी माझ्याकडे येतो. विम्याची पॉलिसी, सोसायटीची नोटीस, बिल्डरचं पत्र... या वेळचा कागद मात्र वेगळाच होता. चार पानी करारनामा. आणि करार कशाचा, तर बावीस सेकंदांचा!

झालं होतं असं. चिरंजीव (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, अभ्यास सोडून बाकी सगळ्यात हुशार) मित्रांबरोबर खुलताबादहून म्हैसमाळला निघाले होते. आमच्या संभाजीनगरात राहणाऱ्यांना हा रस्ता सांगायला नको. पाऊस लागला की निम्मं शहर त्या बाजूला लोटतं आणि रस्त्याच्या कडेला मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका ताडपत्र्या बांधून बसतात. तर अशाच एका शेगडीपाशी हे थांबले. एक गिऱ्हाईक भावावरून घासाघीस करत होतं, बाई पुठ्ठ्याने विस्तवाला वारा घालत होत्या, ठिणग्या उडत होत्या, मागे धो धो पाऊस. बाई हसून त्या माणसाला म्हणाल्या, "पैसे कणसाचे, भाऊ. पाऊस फुकट हाय!" आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत त्यांच्या मागे बसून कणसं सोलणारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघते. संपलं. बावीस सेकंदं.

खरं सांगतो, चित्रफीत सुंदर आहे. मी स्वतः सात-आठ वेळा पाहिली. भाच्याने ती इन्स्टाग्रामवर टाकली आणि चार दिवसांत ती कुठच्या कुठे गेली. मग मुंबईच्या एका जाहिरात एजन्सीचा निरोप आला. तुमचं रील फारच आवडलं, आमच्या एका चहाच्या ब्रँडच्या मोहिमेत वापरू का, चालणार असेल तर खाली फक्त 'हो' लिहा, आम्ही तुमचं नाव देऊ. पोरगा 'हो' लिहिणारच होता. मित्राने हात धरला म्हणून पैशांचं विचारलं, तर आधी टाळाटाळ, मग पाच हजार, मग पंधरा हजार, आणि मग हा चार पानी कागद.

आता 'नाव देऊ' या प्रकाराबद्दल माझं जरा बोलून घेतो. हा आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा आहे. कॅमेरामन लावून, पावसाची टाकी आणून, सेट उभारून हेच बावीस सेकंद काढायला किती लाख लागले असते ते एजन्सीला पक्कं ठाऊक असतं. आणि हे फक्त आपल्याकडच्या छोट्या एजन्स्या करतात असंही नाही. २०१९ च्या जानेवारीत ॲपलने आयफोनवर काढलेल्या फोटोंची स्पर्धा जाहीर केली. जिंकलेले दहा फोटो जाहिरातींच्या फलकांवर झळकणार होते, पण छायाचित्रकारांना पैसे मिळतील असा शब्दही त्यात नव्हता. लोकांनी आरडाओरडा केल्यावर मग कंपनीने वापराचं शुल्क देऊ असं सांगितलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला आठवण करून द्यावी लागली, तिथे बाकीच्यांचं काय!

दुसरा एक गैरसमज आमच्या घरातच निघाला. बहीण म्हणाली, "अरे पण त्याने तर ते सगळ्यांसाठी टाकलंच आहे ना नेटवर? मग त्याचं कसं राहिलं?" हे असं अनेकांना वाटतं. २०१० साली हैतीत भूकंप झाला तेव्हा तिथल्या एका छायाचित्रकाराने ट्विटरवर टाकलेले फोटो एएफपी या वृत्तसंस्थेने उचलले आणि गेटीमार्फत जगभर विकले. त्यांचाही बचाव साधारण असाच होता, की ट्विटरवर टाकलं म्हणजे परवानगी आलीच. न्यूयॉर्कच्या कोर्टाला ते पटलं नाही, आणि २०१३ मध्ये ज्यूरीने बारा लाख डॉलर भरपाई ठरवली. आपण इन्स्टाग्रामला जी परवानगी देतो ती इन्स्टाग्रामला असते, चहा कंपनीला नसते.

आपल्या कायद्याने तर भाच्याची इज्जत फारच वाढवून ठेवली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दृश्य मुद्रित केलेली कुठलीही कृती म्हणजे 'सिनेमॅटोग्राफ फिल्म', आणि ती करण्यात ज्याचा पुढाकार आणि ज्याची जबाबदारी तो निर्माता. म्हणजे कायद्याच्या खात्यात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आणि आमच्या चिरंजिवांचं कणीस एकाच रकान्यात! हक्काची मुदतही तीच, प्रकाशनानंतर साठ वर्षं. हे ऐकल्यावर गडी दोन दिवस कॉलर ताठ करून फिरत होता.

असो. तर कागद वाचायला घेतला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की हा परवाना कायमचा, मागे न घेता येणारा, साऱ्या विश्वात लागू असणारा आणि आज माहीत असलेल्या व पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांसाठी आहे. 'साऱ्या विश्वात' हे मी गमतीने लिहीत नाही, खरंच तसं होतं. उद्या मंगळावर टपरी निघाली तरी चहा कंपनी तिथे आमचं कणीस दाखवू शकेल.

गंमत अशी आहे की कागदावर यातलं काहीच लिहिलं नसतं, तर भाच्याचा जास्त फायदा होता. आपला कायदा म्हणतो, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरा, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरा (कलम १९, आणि परवान्यांनाही ते लागू होतं, कलम ३०अ). २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक घातलं. हक्क विकताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा नाव घेऊन स्पष्ट उल्लेख केलेला नसेल तर त्या माध्यमाचा हक्क विकलाच गेला नाही असं समजायचं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं की गरजू माणूस सही करताना सगळंच देऊन बसतो. म्हणूनच तर एजन्सीवाले चार पानं लिहितात!

आणि जरा तुलना करून बघा. एखाद्या नटाला किंवा मॉडेलला जाहिरातीत घेतात तेव्हा करार वर्षाचा असतो, फार तर दोन वर्षांचा. टीव्हीचे वेगळे, होर्डिंगचे वेगळे, परदेशचे वेगळे पैसे. मुदत संपली की जाहिरात उतरवायची, नाहीतर नव्याने पैसे मोजायचे. त्याच कंपनीला म्हैसमाळच्या रस्त्यावरचं दृश्य मात्र एकरकमी आणि सूर्यचंद्र असेतोवर हवं असतं. माझं म्हणणं साधं होतं. दोन वर्षं, भारतापुरतं, फक्त इंटरनेटवर, पंधरा हजार. पुढे वाढवायचं तर पुन्हा बोलू. मागे एखादं सिनेमाचं गाणं लावलं असतं तर तो आणखी एक घोळ झाला असता (रीलला गाणं जोडायची सोय हौशी वापरासाठी असते, धंद्यासाठी नाही. सोनी म्युझिकने २०२४ मध्ये अमेरिकेत मॅरिअट हॉटेलवर यावरूनच दावा लावला होता). सुदैवाने आमच्या चित्रफितीत फक्त पाऊस आणि बाईंचा आवाज होता.

हे सगळं मी उत्साहात सांगत होतो, भाचा लिहून घेत होता, आणि तिसऱ्या पानावर मी थांबलो.

तिथे लिहिलं होतं की चित्रफितीत दिसणाऱ्या व ऐकू येणाऱ्या सर्व व्यक्तींची लेखी संमती परवाना देणाऱ्याने घेतलेली आहे, आणि पुढे कोणी हरकत घेतली तर त्याचा खर्च, वकिलाची फी, भरपाई, सगळं परवाना देणारा भरेल.

मी विचारलं, "त्या बाईंना विचारलंस?"

"कशाला? रस्त्यावर तर होत्या."

"आणि ती मुलगी?"

यावर तो काही बोलला नाही.

आता इथे मला जरा आमच्या घरातलं सांगावं लागेल. माझ्या वडिलांचा तेव्हाच्या औरंगाबादेत, औरंगपुऱ्याकडे, फोटो स्टुडिओ होता. लहानसाच. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा, बाजूला तीन पायांच्या स्टुलावर फुलदाणी, आणि रस्त्याच्या बाजूला काचेचं शोकेस. त्या शोकेसमध्ये नाना त्यांना आवडलेले फोटो लावायचे. नवरा-नवरी, बाळसेदार मुलं, पदवीचा झगा घातलेला कोणीतरी. येणारा-जाणारा थांबून बघायचा, आणि दहातला एक आत यायचा. म्हणजे जाहिरातच की ती! ज्यांचे फोटो ते गिऱ्हाईक बहुतेक खूशच असायचे. काही जण तर मुद्दाम सांगायचे, "आमच्या बबनचा लावा ना."

एकदा मात्र (मी आठवी-नववीत असेन) एक गृहस्थ आले. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. शोकेसमधल्या एका मुलीच्या फोटोकडे बोट करून म्हणाले, "हा काढता का. पोरीचं बघायला आलेले लोक रस्त्यात थांबून हिला बघत होते. त्यांनी विचारलं, मुलगी काय सिनेमात काम करते का?" नानांनी फोटो लगेच काढला, निगेटिव्हसकट हातात दिला. लग्न जमलं की मोडलं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्या दिवसापासून नाना बिलबुकाच्या मागे पेन्सिलीने लिहून घ्यायचे, 'शोकेस - चालेल' किंवा 'नको'. वकील नाही, करार नाही, एक पेन्सिल!

नानांना ठाऊक नव्हतं, मलाही फार पुढे कळलं, की कायद्यानेही तो फोटो आमचा नव्हताच. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, पैसे देणारं गिऱ्हाईक (कलम १७). पण त्या गृहस्थांचा मुद्दा मालकीचा नव्हता. फोटो चांगला होता, खोटा नव्हता, मुलगी सुंदर दिसत होती. फक्त ज्या नजरांसाठी तो काढला होता, त्या नजरा वेगळ्या होत्या.

मला वाटतं सगळी गोम इथे आहे. चित्र काढणाऱ्याचा हक्क आणि चित्रात असणाऱ्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एजन्स्यांना पहिला विकत घेतला की दुसरा त्यावर फुकट मिळतो असं वाटतं. किंवा वाटत नाही, पण तसं दाखवायला बरं पडतं.

२००७ चं एक प्रकरण आहे. अमेरिकेत टेक्ससमधल्या एका शाळकरी मुलीचा फोटो चर्चच्या गाड्या धुण्याच्या कार्यक्रमात तिच्या ओळखीच्या माणसाने काढला आणि फ्लिकरवर टाकला. कोणीही वापरा, फक्त माझं नाव द्या, अशा मोकळ्या परवान्याखाली. ऑस्ट्रेलियात व्हर्जिन मोबाईलने तो उचलून बसथांब्यावरच्या जाहिरातीत लावला, वर मुलीची टिंगल करणारी ओळ टाकून. फोटो काढणाऱ्याचा परवाना होता. मुलीला मात्र कोणी विचारलंच नव्हतं. घरच्यांनी टेक्ससमध्ये दावा लावला, तर कोर्ट म्हणालं की ऑस्ट्रेलियन कंपनीवर आमचा अधिकार चालत नाही. जाहिरात जगभर जाते, दाद मात्र गल्लीतच मागावी लागते!

इतक्या लांब जायचीही गरज नाही. २०२४ च्या जुलैमध्ये आपल्याच राज्यात मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या जाहिरातीवर एका वृद्धाचा हसरा फोटो होता. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या एका कुटुंबाने तो बघितला आणि त्यांना धक्काच बसला. तो माणूस तीन वर्षांपासून घरातून बेपत्ता होता. मुलगा बापाला शोधत होता आणि बाप जाहिरातीत हसत होता. तो फोटो कुणी काढला असेल, त्या कॅमेऱ्यापुढे ते कुठल्या अवस्थेत उभे होते, त्यांना 'हा कशासाठी' म्हणून कोणी सांगितलं असेल का... मी त्यावर फार विचार करत नाही, झोप येत नाही.

आणि २०२५ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका बाईंची याचिका आली. ओळखीच्या छायाचित्रकाराने त्यांचा फोटो काढला आणि शटरस्टॉक या अमेरिकन संकेतस्थळावर विकायला ठेवला. तिथून तो वेगवेगळ्या राज्यांच्या सरकारी खात्यांच्या आणि राजकीय पक्षाच्या जाहिरातींवर गेला. त्या बाईंना पत्ताच नाही. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि अद्वैत सेठना यांच्या खंडपीठाने याची गंभीर दखल घेतली, गरीब बाईच्या फोटोचा हा धंदेवाईक वापर आहे असं म्हटलं आणि सगळ्यांना नोटिसा काढल्या. यात गंमत अशी, की शटरस्टॉककडून फोटो घेणाऱ्यांनी कदाचित रीतसर पैसे भरले असतील. पावती असेल. जिची पावती फाडली तिच्याशिवाय सगळ्यांकडे कागद!

असा चेहरा वापरायला हरकत घेणारा एकच सरळ कायदा आपल्याकडे नाही, पण कोर्टांनी हे बोलून ठेवलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये राजगोपाल खटल्यातच म्हटलं होतं की माणसाचं नाव किंवा त्याचं चित्र त्याच्या संमतीवाचून जाहिरातीला वापरणं हा त्याच्या खासगीपणावर घाला आहे. २०२१ मध्ये मुंबईत न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तर एका तेलुगू सिनेमाचं प्रक्षेपणच ॲमेझॉनला थांबवायला लावलं, कारण एका मॉडेलचा इन्स्टाग्रामवरचा फोटो न विचारता, आणि तोही वेश्येचा म्हणून, त्यात दाखवला होता. फोटो नेटवर होता ही सबब तिथे चालली नाही. पण ती मॉडेल मुंबईची, तिच्याकडे वकील होते. कणसाच्या शेगडीपासून उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंतचं अंतर मोजायला आमच्याकडे किलोमीटर पुरणार नाहीत.

भाच्याने वाद घातला. घालायलाच हवा. "मामा, असं प्रत्येकाला विचारत बसलं तर रस्त्यावर कॅमेराच काढता येणार नाही. उद्या गुलमंडीचा व्हिडिओ काढायचा तर हजार सह्या घ्यायच्या का?" मुद्दा बरोबर आहे. रस्ता सगळ्यांचा, आणि रस्त्यावर दिसलेलं टिपायला बंदी घालणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. गर्दीचं दृश्य वेगळं, बातमी वेगळी, हौसेने टाकलेलं रीलही वेगळं. पण त्याच दृश्याच्या शेवटी चहाचं पाकीट आलं की त्या बाई कणीस विकणाऱ्या राहत नाहीत, चहा विकणाऱ्या होतात. त्या चहाची साक्ष काढतात. आणि खरं सांगायचं तर त्या बावीस सेकंदांत कंपनीला काय हवं होतं? भाच्याचा हात स्थिर होता हे मान्य. पण लोकांनी चित्रफीत पुढे पाठवली ती "पाऊस फुकट हाय" या वाक्यासाठी. ते वाक्य काही भाच्याने लिहिलं नव्हतं.

एक गोष्ट मला फार लागली ती सांगतो. एजन्सीला आधी भाच्याची वेरूळची एक चित्रफीतही आवडली होती. कैलास लेण्याच्या आवारात पाऊस पडतोय अशी. ती त्यांनी स्वतःहूनच सोडून दिली. कारण, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात जाहिरातीसाठी चित्रण करायचं तर परवाना लागतो, तो नाही, भानगड नको. अगदी योग्य! म्हणजे आठव्या शतकातल्या दगडाची परवानगी घ्यायची असते हे त्यांच्या वकिलाला आठवलं. जिवंत बाईची जबाबदारी मात्र त्यांनी तिसऱ्या पानावर एका वीस वर्षांच्या पोराच्या गळ्यात बांधली. कंपनीकडे वकील, कंपनीकडे पैसे, कंपनीकडे माणसं. संमती आणायची कुणी, तर दुचाकीवर पेट्रोल टाकून गेलेल्या पोराने, आणि चुकलं तर दंडही त्यानेच भरायचा.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. पाऊस भुरभुरत होता. बाई त्याच जागी होत्या, मुलगी नव्हती. आधी दोन कणसं घेतली, मग भाच्याने मोबाईल दाखवला. त्यांनी ती चित्रफीत आधी पाहिलेली होती! कोणीतरी गिऱ्हाइकाने दाखवली होती. "तुम्हीच काढली व्हय? मला वाटलं कोण टीव्हीवाला असंल."

मी चहाच्या जाहिरातीचं समजावून सांगितलं. त्यांनी लिंबू फिरवता फिरवता ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "कामून? चहा मी कुठं इकते?"

मग म्हणाल्या, "मला किती देनार?" भाच्याने माझ्याकडे बघितलं. आम्ही गाडीवर येताना निम्मे-निम्मे ठरवलं होतं, ते सांगितलं. साडेसात हजार. त्यांना पटलं. म्हणजे चेहरा, आवाज, वाक्य, सगळ्याला तयार. मी उगाच मनात त्यांच्या लाजेची, गावात काय म्हणतील याची गणितं मांडत गेलो होतो, तर बाई व्यवहाराला माझ्यापेक्षा पक्क्या निघाल्या. पैसे आधी की जाहिरात आधी, हेही त्यांनी विचारून घेतलं.

मग म्हणाल्या, "पन पोरगी नको."

ती त्यांची नव्हती, भावजयीची. शाळा बुडवून त्या दिवशी आली होती. मास्तरांनी बघितलं तर बोलतील, आणि तिचा बाप तिकडे कारखान्यावर ऊसतोडीला जातो, त्याला न विचारता आपण कोण सांगणार, असं त्यांचं म्हणणं. "माझं मी सांगते. तिचं तिच्या बापाला इचारा. न्हाईतर काढून टाका." माझ्या चार पानी कागदाच्या वाचनातून जे निघालं ते बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. कणसांचे साठ रुपये पूर्ण घेतले, ते वेगळंच.

भाच्याने एजन्सीला कळवलं. दोन वर्षं, भारतापुरतं. बाईंचा वेगळा कागद, मराठीत, तोही तुम्ही करायचा. मुलीची शेवटची सेकंदं कापायची. उत्तर चार दिवसांनी आलं, फार सभ्य भाषेत. मुलीने कॅमेऱ्यात बघणं हाच क्लायंटला सगळ्यात गोड वाटलेला भाग आहे, आणि मराठी कागद वगैरे करायला वेळापत्रकात जागा नाही, तरी पुन्हा कधीतरी नक्की काम करू.

पंधरा हजार गेले. मी भाच्याला माझ्या खिशातून द्यायला निघालो, त्याने घेतले नाहीत. बहीण मात्र स्पष्ट बोलली. "दादा, तू म्हणतोस ते सगळं खरं असेल. पण जगात कोण असं करतं? त्या बाईचेही साडेसात हजार गेले की तुझ्या शहाणपणापायी." हे दुसरं वाक्य मला अजून टोचतं, कारण त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मुलीच्या बापाला फोन करून विचारायचं काम मी करू शकलो असतो का? शकलो असतो. एजन्सीने करायला हवं होतं म्हणून मी केलं नाही.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, मोबाईलवर एक जाहिरात आली. ब्रँडचं नाव घेत नाही. डोंगरातला रस्ता, ताडपत्री, शेगडी, ठिणग्या. शेगडीपाशी बसलेली बाई अर्थातच नटी होती, नऊवारी बिनसुरकुतीची, पाऊस सगळीकडे सारखा पडणारा. गिऱ्हाईक घासाघीस करतं. बाई चहाचा कप पुढे करून हसते आणि म्हणते, "चहाचे पैसे घेईन हो, पाऊस माझ्याकडून!"

भाचा चिडला, म्हणाला केस करू. मी एका जुन्या वकील मित्राला विचारलं. तो म्हणाला, दृश्य त्यांनी नव्याने चित्रित केलंय, कल्पनेवर कॉपीराइट नसतो, आणि रस्त्यात सहज बोललेल्या एका वाक्यावर तर नाहीच नाही. विसरून जा.

या पावसाळ्यात अजून म्हैसमाळला गेलो नाही. गेलो तर त्या शेगडीपाशी थांबावंच लागेल. भाचा म्हणतो जाहिरात त्यांना दाखवू या, त्यांचा हक्क आहे. बहीण म्हणते कशाला उगाच. माझं अजून ठरत नाहीये.